थेसिगर वाळवंटात कशाला गेला

ब्रिटिश प्रवासी-लेखक विल्फ्रेड थेसिगरला कुणी 'साहसाची हौस असलेला लष्करी साहेब' म्हटलं की ते मला अजिबात पटत नाही. महायुद्धात लढला हे खरंय, पण १९४६ मध्ये टोळधाडीच्या सर्व्हेचं निमित्त करून तो अरबस्तानातल्या रब-अल-खाली या वाळवंटात शिरला तो बेदूंसोबत (तिथल्या भटक्या अरबांसोबत) त्यांच्यासारखंच राहायला, अनवाणी, उंटावर, तेच मचूळ पाणी पीत. त्या प्रवासात सगळे उपाशी असताना कसाबसा एक ससा मिळाला, तो शिजतोय तोवर नेमके पाहुणे आले आणि बरोबरच्या बेदूंनी सगळा ससा त्यांच्यापुढे वाढला, वर खाण्याचा आग्रह! थेसिगरनेही तोंडदेखला आग्रह केला पण आतून प्रचंड चिडला होता, हे त्यानेच १९५९ च्या 'अरेबियन सँड्स' या पुस्तकात लिहिलंय. बरोबरच्या बिन कबीनासारख्या तरुण बेदू पोराला स्वतःपेक्षा मोठं दाखवणारा लेखक आहे हो तो.