अनुभव धागा : मराठीचा तास, पाचवी ते सातवी (बेळगाव, खानापूर, निपाणी)

परवा भाचीची सहावीची वही हातात आली. पहिल्याच पानावर मराठीच्या तासाचे नियम. समास सोडावा. तारीख उजवीकडे. रोज पाच ओळी शुद्धलेखन. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ. आणि सगळ्यात खाली : 'पण' लिहावे, 'खरं' लिहू नये.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. 'मी गेल्तो खरं तो न्हवता.' याच 'खरं'भोवती माझ्या वहीत लाल गोल पडायचे, त्याला आता चाळीस वर्षं होतील. सीमाभागात मराठी शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी लिहा, तुमच्या वर्गात काय चालायचं? हायस्कूलचं नको, तिथं सगळं परीक्षेपुरतं.

*येळ्ळूर, आता पुणे*

आमच्यात बायकापण 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाईसुद्धा दारातून 'गप बसा गं, आलो मी' म्हणतच आत यायच्या. वहीत मात्र मुलीनं 'मी गेलो' लिहिलं की लाल गोल. एकदा माझ्या शेजारणीनं विचारलंच, 'बाई, तुमी तर आलो म्हणताय की.' वर्ग चिडीचूप. बाई म्हणाल्या, 'मला कोण मार्क देतंय? तुला पायजेत नव्हं?'

पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी 'मी जेवून आलो' म्हणाले आणि खोलीभर हशा. पुढं आठवडाभर तोंड उघडायच्या आधी बाईंचा लाल पेन आठवायचा.

*शहापूर, बेळगाव*

आमचा कन्नडचा तास आधी, त्याला लागून मराठीचा. कन्नडला शिरोरेघ नाही, त्यामुळं मराठीत हटकून राहायची. सरांनी उपाय काढला : पहिली पाच मिनिटं काल लिहिलेल्यावर पट्टी ठेवून नुसत्या रेघा. हाताला इतकी सवय झाली की मी कन्नडच्या वहीतपण मारल्या. कन्नडचे सर वही उंच धरून वर्गाला म्हणाले, 'नोड्री, कपडे वाळत घातल्यात.' अजून मित्र त्याच नावानं चिडवतात.

*चिकोडी*

निबंध पाठ करून लिहायचा नाही, हा आमच्या सरांचा एकमेव कडक नियम. आणि आम्ही सगळे कोल्हापूरहून आणलेल्या निबंधमालेवर जगत होतो. सहामाहीला 'माझी सुट्टी' आला. निम्म्या वर्गानं दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी लिहिली. आपल्याकडं मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला मोजून चार दिवस! सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, 'तुला कुणी दिली रे एवढी?'

*अनगोळ*

दहावीला पहिली भाषा 125 मार्कांची, बाकीचे विषय 100 चे. आमच्या सरांनी पाचवीपासून हे एवढंच सांगितलं. बाकी काही आठवत नाही.

*जांबोटीच्या पुढे, खानापूर तालुका*

मी शिकवतो. पाचवी, सहावी, सातवी एकाच खोलीत, मिळून 19 मुलं. पहिल्या वर्षी मीही नियमांचा तक्ता रंगवून भिंतीला लावला होता. ऑगस्टपर्यंत त्याला बुरशी आली, आणि तोवर तो कुणी वाचलाही नव्हता.

आता तीनच गोष्टी. आत आल्यावर मी सांगायची वाट न बघता फळ्यावरचं वाक्य उतरवायचं. त्यात मी मुद्दाम दोन चुका ठेवतो. सातवीनं चुका शोधायच्या, सहावीनं दुरुस्त करायच्या, पाचवीनं दुरुस्त वाक्य सुवाच्य लिहायचं. तेवढ्यात माझी हजेरी होते. (कधीकधी तिसरी चूक निघते, ती माझी.)

दुसरं, घरून रोज एक शब्द. चिठ्ठीच्या एका बाजूला घरचा, पाठीमागं पुस्तकातला, आणि चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात. 'बुट्टी'च्या मागं 'टोपली'. 'तूप' आणि 'अडकित्ता' कन्नडमधून मराठीत आलेत म्हटल्यावर पोरांना पटेना. मग आठवडाभर आज्ज्यांना छळून घरातले कन्नड शब्द शोधणं चाललं होतं.

तिसरं पावसानं लावलेलं. जुलैत पत्र्यावर कोसळायला लागला की माझा आवाज पहिल्या रांगेलाही पोचत नाही. तेव्हा मूकवाचन. कुणाला काही सांगावं लागत नाही, आपोआप पुस्तकं उघडतात. पाऊस थांबला की मी बोट करीन त्यानं वाचलेलं स्वतःच्या बोलीत सांगायचं. बोलताना 'खरं' चालतं. लिहिताना 'पण'.

एफए-एसएचे (आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे) तक्ते भरण्यात किती वेळ जातो, त्यासाठी वेगळा धागा काढा.

*निपाणी*

आई विड्या वळायची. माझ्या वहीला तंबाखूचा वास, म्हणून बाजूची मुलगी सरकून बसायची. बाईंचा नियम होता, दर शनिवारी एक कविता पाठ म्हणायची आणि घरात कुणालातरी ऐकवून सही आणायची. आईला सही येत नव्हती. मी म्हणायची, ती सुपातनं मान वर न करता ऐकायची. तिसऱ्या-चौथ्यांदा म्हणेपर्यंत तिलाच पाठ झालेली असायची, मी अडखळले की पुढचा शब्द ती द्यायची. हात पानावर चालूच. सहीच्या जागी अंगठा बघून बाईंनी काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी आईला शाळेत बोलावलं आणि वर्गापुढं कविता म्हणायला लावली. आई दोन कडवी म्हणाली, तिसऱ्याला लाजून बाहेर गेली.

*बेळगाव*

1 नोव्हेंबरला सकाळी शाळेत कर्नाटक राज्योत्सव, नाडगीत (म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत), मग कन्नड भाषण पाठ म्हणायचं. घरी आलो तर वडील दंडाला काळी फीत बांधून सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या फेरीला निघालेले. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला 'कालचा दिवस' यावर दहा ओळी. मी जेवणाचंच वर्णन केलं.

*नाव-गाव नको*

सगळ्यांना लाल गोलांचं कौतुक दिसतंय. माझ्या वर्गात बोलतानाही 'खरं' निघालं की सगळ्यांसमोर तेच वाक्य दहादा म्हणायला लावायचे. मी सातवी संपेपर्यंत मराठीच्या तासाला हात वर केला नाही. आजही फोनवर कुणी शुद्ध बोलायला लागलं की मी 'हो, हो' करून ठेवून देतो.

*धागाकर्ता*

वरचं वाचून भाचीला फोन लावला. म्हटलं, तुमच्या बाई फारच कडक दिसतात, 'खरं' लिहू देत नाहीत. ती म्हणाली, 'बाईंनी न्हवं मामा, नियम आम्हीच ठरवलाव. खरं पाळत कोण न्हाई.'