स्वस्तातल्या एक्स्टेन्शन ट्यूब आणि ५० एमएम: रिंग फिरते, फोकस हलत नाही

जास्वंद_ऐरोली

नमस्कार. कॅमेरा कॅनन ७००डी, लेन्स १८-५५ एसटीएम आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. बोरा बाजारातून धातूच्या साध्या एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून मोठा फोटो घ्यायला लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या) आणल्या, आत विजेचे कॉन्टॅक्ट नाहीत, १-२-३ आकडे कोरलेत. बाल्कनीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झालेत आणि काळ्या मुंग्या दिवसभर त्यांच्याभोवती. मुंगी मिशांनी ढेकणाला टपटप करते, मागून चिकट थेंब येतो, ती तो पिते. मला तो थेंब हवाय.

ट्यूब लावली की स्क्रीनवर एफ००. लेन्सची रिंग फिरवली तरी फोकस जागचा हलत नाही. १८-५५ लावून १८ वर ठेवलं तर नुसता धूसर पडदा. ५० एमएमच्या लेन्सवर काहीतरी दिसतं, पण एक मिशी स्पष्ट आणि बाकी सगळं लोणी. लेन्स खराब आहे का?

क्लिकवाला_कोपरखैरणे

ट्यूब देऊन टाका, सेकंडहँड १०० एमएमची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) घ्या. आणि मुंग्या डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग हलत नाहीत. यूट्यूबवर सगळे तेच करतात.

वर्नियर_उपवन

ताई, लेन्स ठणठणीत आहे. आधी फ्रिजचं. गारठलेली मुंगी थेंब पिणार नाही, ती पाय आखडून पडेल, आणि तिचा फोटो तसाच दिसतो. आपण फोटो काढतोय, पंचनामा नाही.

आता यंत्राचं. एसटीएम लेन्समधली फोकसची रिंग थेट काचा हलवत नाही. ती मोटरला सांगते, मोटर हलवते. मोटरला वीज कॅमेऱ्याकडून कॉन्टॅक्टमधून येते. तुमच्या ट्यूबमध्ये कॉन्टॅक्टच नाहीत, म्हणून रिंग मोकळी फिरते. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, तेही विजेवरच. ते सताड उघडं राहतं, एफ/१.८ वर (आकडा लहान तेवढं भोक मोठं). लोणी तिथून येतंय.

यावर जुनी युक्ती आहे. ट्यूब काढा, लेन्स थेट बॉडीवर लावा. लेन्स एमएफवर (हाताने फोकस) करून जवळात जवळच्या फोकसवर न्या. एव्ही मोड (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं), एफ/८. लेन्सच्या बुडाशी बॉडीवर डेप्थ ऑफ फील्डचं बटण आहे, ते दाबून धरा आणि तसंच धरून लेन्स फिरवून काढा. पुढून डोकावा, पात्या मिटलेल्या दिसतील. त्या तशाच राहतात. आता ट्यूब लावा.

त्यानंतर फोकस हाताने करायचा, म्हणजे अख्खा कॅमेराच पुढे-मागे. कोपर बाल्कनीच्या ग्रिलला टेका आणि श्वासाबरोबर दोन-चार मिलिमीटर झुला. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून बघा. मॅक्रोत रिंगपेक्षा हेच बरं, कॉन्टॅक्टवाल्या ट्यूब घेतल्यात तरी हेच कराल.

किती मोठं दिसेल? ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, अधिक लेन्स ट्यूबशिवाय मुळात जितकं मोठं दाखवते ते. ५० एसटीएमचं मूळचं ०.२१. ट्यूबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, दोन्ही टोकांच्या माउंटची जाडीही धरायची असते. पट्टी लावून मोजा. (वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, मी वर्नियरच लावतो.) समजा ३६ मिलिमीटर भरली, तर ०.७२ अधिक ०.२१, म्हणजे जवळजवळ एकास एक (वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाएवढीच पडते). तुमचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, त्यावर ५१८४ पिक्सेल. तीन मिलिमीटरचा ढेकूण साडेसहाशे पिक्सेलच्या आसपास येईल. पुरेसा आहे. सगळ्या ट्यूब एकदम जोडायचा हव्यास नको. एकास एकला एफ/८ वर फोकसची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, पुढे ती आणखी पातळ होते. शिवाय उजेड कमी होतो: लेन्सवरचं एफ/८ एकास एकला एफ/१६ सारखं वागतं. म्हणून एफ/१६ लावून फोकसची जाडी वाढवायला गेलात तर ते एफ/३२ होतं आणि सगळंच मऊ पडतं.

१८-५५ चं कारणही त्याच भागाकारात. १८ वर ही ट्यूब दुप्पट मोठं करते, पण जिथे फोकस होतो ती जागा लेन्सच्या काचेपाशी किंवा काचेच्या आतच येते. मुंगी तिथे कशी नेणार? ५५ वर आणि सर्वांत छोटी ट्यूब लावून बघा.

राहिला उजेड. आयएसओ १००-२००, शटर १/२००, पॉपअप फ्लॅश मॅन्युअलवर. नुसता फ्लॅश मारलात तर लेन्सची सावली मुंगीवर पडेल. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोमचा कागद फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत छपरासारखा चिकटवा. काचेपासून मुंगी आठ-दहा सेंटिमीटरवर असेल, छप्पर तिच्या अगदी डोक्यावर येतं. ढेकणाची पांढरी भुकटी आणि चकाकता थेंब, दोन्ही मऊ उजेडातच टिकतात. वेळ बहुतेक यातच घालवा.

१०० मॅक्रो उत्तम लेन्स आहे, वाद नाही. एकास एकलाही काचेपासून पंधराएक सेंटिमीटर मिळतात. पण छप्पर तिथेही करावंच लागेल.

घोडबंदर_पाकोळी

काका, ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठी ५५-२५० लेन्सवर हीच ३६ ची ट्यूब लावू का?

वर्नियर_उपवन

३६ भागिले २५०, म्हणजे ०.१४. हाती काही लागत नाही. ट्यूबचं गणित भागाकाराचं, क्लोज-अप लेन्सचं गुणाकाराचं. लांब लेन्सला दुसरं मानवतं. लेन्सच्या पुढे स्क्रू करायची दोन डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर असतो तसा) क्लोज-अप काच २५० वर अर्ध्या मीटरवरून ०.५ देते. रेनॉक्स २५० ही तसलीच काच आठ डायॉप्टरची, ती साडेबारा सेंटिमीटरवर आणून बसवते. तेवढ्यात फुलपाखरू गेलं. ती उडी मारणाऱ्या कोळ्यांसाठी ठेवा. आणि नीलवंत फुलपाखरासाठी काहीच लावू नका, पंख बारा-पंधरा सेंटिमीटर असतात, नुसत्या ५५-२५० मध्येही जवळ गेलात तर मावत नाही.

जास्वंद_ऐरोली

काका, बटणाची युक्ती चालली! एफ/८ वर मुंगीचं डोकं आणि ढेकणाची पाठ दोन्ही आली. थेंब अजून नाही, आणि सासूबाई कडुलिंबाचं तेल घेऊन तयार आहेत, रविवारपर्यंत मुदत मिळालीय. खाडीकडून वारा सुटला की फांदी हलते. त्याला काय?

वर्नियर_उपवन

कपड्यांच्या दोन चिमट्यांना तार बांधा, एक ग्रिलला, एक फांदीला. ढेकणांच्या चार बोटं खाली धरा, मुंग्यांची वाट अडवू नका. फ्लॅश असल्यावर थोडं हललं तरी फोटो गोठतो, अडचण फक्त फोकसची. कोन असा घ्या की मुंगी आणि ढेकूण दोघं सेन्सरला समांतर येतील, आणि मिशा हलायला लागल्या की एकामागून एक दाबत राहा. चार्ज व्हायला फ्लॅश वेळ घेतो, म्हणून पॉवर १/४ किंवा खाली.

क्लिकवाला_कोपरखैरणे

फ्रिजचं परत घेतो. फोमचा कागद कुठला, जाडा की पातळ?

वर्नियर_उपवन

पातळ. दुहेरी करता येतो.