छतावरचा एसी चालू आहे, पण मागच्या बेडवर हवा येईना गेलीय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. दोन वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि घरच्यापुरता तिचा कॅरॅवॅन करून घेतला. पुढं केबिन, मग समोरासमोर दोन बाकडी, छोटा ओटा आणि पाठीमागं आडवा बेड. छताच्या मधोमध 13,500 बीटीयूचा एसी आहे, म्हणजे घरच्या हिशोबानं टनापेक्षा थोडा जास्त. जनरेटरवर चालतो, नाहीतर मुक्कामाच्या जागी 230 व्होल्टचा प्लग मिळाला तर त्यावर. एसीच्या पोटातून फॉल्स सीलिंगमध्ये थर्माकोल आणि प्लायचे दोन डक्ट, म्हणजे हवा न्यायच्या पोकळ वाटा, काढलेत. पुढच्या डक्टला दोन जाळ्या, मागच्याला दोन.

परवा तुळजापूरला रात्री पार्किंगमध्ये मुक्काम केला. एसीच्या खालच्या बाकड्यावर पोरगा चादर ओढून झोपला होता आणि तिथून आठ फुटांवर आई मागच्या बेडवर पदरानं वारा घेत बसली होती. एकाच गाडीत, एकाच वेळी! औंढ्याला गेलो तेव्हाही हेच झालं होतं, तेव्हा वाटलं ऊनच तेवढं आहे.

घरी आल्यावर फिश टँकमध्ये लावतात तो वायरवाला थर्मामीटर आणून मापं घेतली. गाडीत 33, एसीला लागून असलेल्या जाळीवर 20, मागच्या जाळीवर 27. जवळच्या जाळीला टिश्यू पेपर धरला की फडफडतो, मागच्या जाळीला नुसता डोलतो.

ज्यांनी बनवून दिली त्या वर्कशॉपला फोन केला तर म्हणाले, "गॅस कमी असंल, घेऊन या, भरून टाकू." त्यांचं नाव घेत नाही, उगं भांडण नको. पण गॅस कमी असता तर जवळच्या जाळीवर 20 आलं असतं का? फिल्टर धुतलाय, जाळ्यांच्या पट्ट्या पूर्ण उघड्या आहेत. डक्टमध्ये बूस्टर फॅन टाकू का? की दुसरा छोटा एसीच बसवावा लागेल? शाळा सुरू व्हायच्या आत माहूरला जायचंय.

दुधनाकाठ: फिल्टर धुतला का?

धागाकर्ता: वर लिहिलंय भाऊ. दोनदा धुतला.

उन्हाळवारा: माझ्या गाडीत डक्टमध्ये 12 व्होल्टचे दोन कॉम्प्युटर फॅन टाकलेत. मागं हवा येतीय. आवाज होतो थोडा, पण चालतंय. तीनशे-साडेतीनशेत काम झालं.

बसबॉडीवाला: आधी एक सांगतो, गॅसच्या नादी लागू नका. हे छतावरचे एसी बहुतेक कारखान्यातून सीलबंद येतात, घरच्या स्प्लिटसारखा गॅस भरायचा व्हॉल्व्ह त्यांना नसतो. भरायचा म्हणजे पाइपला भोक पाडणं आलं. चांगल्या एसीला कशाला छेडायचं?

बूस्टर फॅनचंही आत्ताच नको. डक्टला कुठं भगदाड असेल तर फॅन ती हवा अजून जोरात भगदाडातूनच घालवील. फुटलेल्या पाटाला मोठी मोटर लावल्यासारखं.

तुम्ही मापं घेतलीत हे बेस झालं, पण एक राहिलं. आतलं कव्हर, म्हणजे फिल्टरवालं, काढून थर्मामीटरचं टोक फिल्टरच्या वर, कॉइलकडं (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीकडं) जाणाऱ्या पोकळीत धरा. तिथंही गाडीतलं 33 च यायला पाहिजे. कमी आलं तर समजा थंड हवा तिथल्या तिथं परत ओढली जातीय. एसीच्या पोटात दोन कप्पे असतात. एकातून गाडीतली गरम हवा वर जाते, दुसऱ्यातून थंड होऊन खाली डक्टमध्ये येते. मधे पडदी असते आणि ती जागेवर बसवताना पत्र्याची, फोमची, प्लायची भेगाभेग उरते. ब्लोअर, म्हणजे एसीचा आतला पंखा, एका बाजूनं ढकलतो, दुसऱ्या बाजूनं ओढतो. मग हवा आठ फूट लांबच्या बेडवर कशाला जाईल? दोन इंचांवरच्या फटीतून परत जाणं तिला सोपं.

फट शोधायला अगरबत्ती लावा. पडदीच्या कडेनं सावकाश फिरवा. धूर आडवा होऊन आत खेचला गेला की तिथं बोट ठेवा.

कव्हर काढण्याआधी जनरेटर बंद, प्लग काढलेला. कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा डबा) दिसेल, त्याला हात लावायचा नाही, बंद केल्यावरही नाही. धुराची चाचणी करायला परत चालू कराल तेव्हा बोटं ब्लोअरपासून लांब.

धागाकर्ता: आज केलं. फिल्टरच्या आत 29!

बसबॉडीवाला: मग हिशोब करा. 33 ची हवा आणि 20 ची हवा मिसळून 29 होतीय. तेरा अंशांच्या फरकातले चार गेले, म्हणजे साधारण तीस टक्के थंड हवा गाडीत न येता परत कॉइलवर चाललीय. डिझेल तुम्ही शंभर टक्क्यांचं जाळायलात. थर्मोस्टॅटचा सेन्सरही त्याच पोकळीत असेल तर त्याला वाटतं गाडी गार झाली, आणि तो कॉम्प्रेसर लवकर बंद करतो. शिवाय थंड हवाच परत परत कॉइलवर गेली तर कॉइलवर बर्फ धरतो. तास-दीड तासानं जवळच्या जाळीची हवाही मंदावत असेल तर तेही बघा.

धागाकर्ता: तसं होत नाही, मागं पहिल्यापासूनच मंद आहे. अगरबत्तीनं दोन फटी सापडल्या. पडदीच्या डाव्या बाजूला बोट जाईल एवढी एक. दुसरी जास्त वाईट: एसीची तोटी डक्टच्या तोंडापर्यंत पोचतच नाही, मधे दीड इंच मोकळं आहे. तिथून हवा सरळ सीलिंगच्या पोकळीत सुटतीय. छताचा पत्रा गार व्हायला लागलाय, आई नाही.

चुना_आणि_पत्रा: आता डक्टच्या आतही बघा. मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा. ट्रॅव्हलरच्या छताला आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, डक्टवाले त्यांच्याखालून डक्ट दाबून नेतात. दोन इंच उंचीचा डक्ट तिथं एक इंच झाला की वाट निम्मी होते. आणि शेवटच्या जाळीच्या पुढं डक्ट किती लांब सोडलाय तेही बघा. आमच्याकडं कारागीर तो मागच्या भिंतीपर्यंत तसाच नेऊन सोडतात. मागं लाइटच्या वायरीचं भोक असलं की सगळी हवा तिकडं.

तोंडाशीही गंमत असते. एसीतून हवा सरळ खाली येऊन आदळते आणि काटकोनात वळते. तिथं थर्माकोलचा तिरका तुकडा, उतार दिल्यासारखा बसवला की हवा न आदळता वळते. दहा रुपयांचं काम आहे, पण फरक पडतो. आत प्लायची कापलेली खरखरीत कड, लोंबणारा फोम, वायरीचा गुंडाळा, सगळं काढा.

धागाकर्ता: तुम्ही येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंय. शेवटच्या जाळीच्या पुढं सव्वा फूट डक्ट मोकळा, त्याच्या टोकाला मागच्या लाइटचं भोक. आणि मधे एका ठिकाणी पट्टीखाली डक्ट बसलेला.

काय केलं ते सविस्तर लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. चुकीसकट.

तोटी आणि डक्टमधली दीड इंचाची मोकळी जागा थर्माकोलच्या पट्ट्या कापून भरली आणि आतून चंदेरी फॉइल टेप लावला. तो कागदी खाकी टेप वर्कशॉपवाल्यांनी आधी लावला होता, पण छताच्या उष्णतेनं गोंद सुटून पट्टा लोंबत होता. टेप लावायच्या आधी जागा पुसून घ्यावी म्हणून घरातला थिनर कापडावर घेतला. पडदीच्या पत्र्यावर ठीक चाललं होतं. त्याच कापडानं डक्टचं तोंड पुसलं आणि थर्माकोल डोळ्यांदेखत वितळून खड्डा पडला, वाटाण्याएवढा नाही, लिंबाएवढा. रबर सोल्युशननंही असंच होतं म्हणे. म्हणून त्या जागी दुसरा तुकडा पाण्यावर चालणाऱ्या पांढऱ्या फेव्हिकॉलनं बसवला आणि रात्रभर वाळू दिला. थर्माकोल नुसत्या कोरड्या कापडानं पुसावा.

पडदीची फट फोमची पट्टी आणि फॉइल टेपनं बुजवली. मागची सव्वा फूट बोळ थर्माकोलच्या ठोकळ्यानं बंद केली. पट्टीखाली दबलेल्या डक्टला उंची मिळेना, म्हणून तिथं सहा इंच लांबीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच रुंद केला. तोंडाशी तिरका तुकडा लावला.

चालू करून मापं घेतली तर जीव खाली-वर. जवळच्या जाळीवर 20 होतं तिथं आता 23! म्हटलं, बिघडवून ठेवलं.

बसबॉडीवाला: बिघडलं नाही, सुधारलं. आधी कॉइलवर 29 ची हवा जात होती, म्हणून खाली 20 येत होतं. आता खरी 33 ची जातेय, तर 23 येणारच. कॉइलनं पाडलेला फरक तेव्हा 9 होता, आता 10 आहे. गाडी किती वेळात गार होते ते बघा, जाळीवरचा आकडा नाही. मागं काय येतंय?

धागाकर्ता: मागं 25, आणि टिश्यू पेपर आता आडवा होतोय. दुपारी चारला घराच्या अंगणात लावून बघितलं. आधी अर्ध्या तासात मागचा भाग 31 च्या खाली येत नव्हता, आता चाळीस मिनिटांत 28. बाहेर 42 होतं.

उन्हाळवारा: माझ्या फॅनबद्दल आता शंका यायला लागलीय. मीही उद्या अगरबत्ती घेऊन बसतो.

चुना_आणि_पत्रा: 28 च्या खाली न्यायचं असेल तर छताच्या पत्र्याकडं बघा. डक्ट आणि तापलेला पत्रा यांच्यात इन्सुलेशन नसेल तर वाटेतच दोन अंश चढतात. 23 चे 25 झाले ते तिथंच. डक्टच्या वर काळ्या नायट्राइल रबरची शीट टाकता आली तर बघा. नाहीतर वरून पांढरा उष्णतारोधक रंग. केबिन आणि मागच्या भागात जाड पडदा लावा, पुढची काच म्हणजे भट्टीच. आणि एक: पुढच्या जाळ्या बंद करून सगळी हवा मागं ढकलायचा मोह होईल, तो आवरा. वाट फार कोंडली की कॉइलवर बर्फ धरतो.

दुधनाकाठ: ढाब्यावर किंवा शेतातल्या मीटरवर लावताना व्होल्टेजही बघत जा. आमच्याकडं संध्याकाळी 180 पर्यंत येतं, मग ब्लोअरच मलूल होतो आणि सगळे म्हणतात डक्ट खराब. फिल्टर तुंबला तरी हवा अशीच मंदावते, म्हणून तेवढं विचारलं होतं, राग नसावा.

धागाकर्ता: राग कसला हो. उद्या रबर शीटची चौकशी करतो. एकच राहिलं: एसीला आतून आवळणारे चार बोल्ट आहेत, त्यांतला एक हातानं फिरत होता. मी पान्यानं घट्ट आवळला. बाकीचेही आवळू का?

बसबॉडीवाला: थांबा. छत आणि एसीच्या मधे फोमचं गॅस्केट असतं, नवीन असताना इंचभर जाड. ते साधारण अर्ध्या इंचापर्यंतच दाबायचं. जास्त आवळलं तर फोम मरतो आणि मृगाच्या पहिल्याच सरीत पाणी बेडवर. चारही बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीनं, समोरासमोरचे धरून आवळा. जो तुम्ही घट्ट केलात तो आधी अर्धा फेरा सोडा. मग शिडी लावून वर चढा आणि चारही कोपऱ्यांत गॅस्केट सारखंच दबलंय का ते डोळ्यानं बघा.