मोफत वा अल्पखर्ची साहित्य वापरणाऱ्या अभ्यासक्रमांपुढे खूण कशी द्यावी?

प्रश्न – वेळापत्रक_समिती

ज्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक विकत घ्यावे लागत नाही, किंवा थोडक्या खर्चात भागते, त्यांच्यापुढे नावनोंदणीच्या वेळापत्रकातच खूण द्यावी, असे आमच्या महाविद्यालयात ठरले आहे. हेतूबद्दल कोणाचेच दुमत नाही; वाद आहे तो खूण नेमकी कशाची, याविषयी. ग्रंथालयाच्या मते ती केवळ मुक्त परवान्याच्या, म्हणजे कोणालाही मोफत वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या, साहित्याला द्यावी. नोंदणी विभागाचे म्हणणे असे की विद्यार्थ्याला परवान्याशी काही कर्तव्य नसते, पैसे किती लागतील एवढेच त्याला कळायला हवे असते. ग्रंथालयाने विकत घेतलेले ई-पुस्तक ‘मोफत’ धरावे का, आणि ‘अल्पखर्ची’ची मर्यादा कशी ठरवावी, हेही सुटलेले नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – ग्रंथपाल_जुना

मी स्वतः ग्रंथपाल असूनही या वादात नोंदणी विभागाच्या बाजूने आहे. मुक्त परवाना महत्त्वाचा आहे, पण तो मुख्यतः शिकवणाऱ्यासाठी: साहित्य बदलता येते, भाषांतरित करता येते, पुन्हा वाटता येते, कायमचे जवळ ठेवता येते. नावनोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा असतो, आणि एकाच खुणेकडून दोन्ही प्रश्नांची उत्तरे मागितली की एकाचेही उत्तर धड मिळत नाही.

हा पेच अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांतही दिसतो. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये केलेला आणि जानेवारी 2018 पासून लागू झालेला कायदा, ज्या अभ्यासक्रमांचे सर्व डिजिटल साहित्य विद्यार्थ्याला विनामूल्य मिळते, ते ऑनलाइन वेळापत्रकात ठळकपणे दाखवायला सांगतो. म्हणजे त्याची कसोटी खर्चाची आहे. टेक्सासच्या 2017 च्या कायद्याचा रोख मात्र मुक्त शैक्षणिक साधनांवर, म्हणजे मुख्यतः मुक्त परवान्याच्या साहित्यावर, आहे. दोन्ही भूमिका समर्थनीय आहेत, पण दोन्हींसाठी एकच चिन्ह वापरू नये. माझ्या मते विद्यार्थ्यासमोरची खूण खर्चाची असावी, आणि परवान्याची नोंद तपशिलात वेगळ्या रकान्यात जावी.

ई-पुस्तकाबाबत एक अट अवश्य घाला. अनेक ई-पुस्तकांचा परवाना एका वेळी एकाच वाचकापुरता असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या वर्गाला तेच प्रकरण उघडायचे असेल, तर त्या पुस्तकाला मोफत म्हणणे ही फसवणूक ठरेल. कितीही जणांना एकाच वेळी वाचता येत असेल तरच ते मोफत धरावे.

उत्तर – वर्गशिक्षिका

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘साहित्य’ म्हणजे केवळ पुस्तक, असे गृहीत धरले जात आहे, ते मला धोक्याचे वाटते. अनेक विषयांत पुस्तक मोफत असते आणि गृहपाठ मात्र प्रकाशकाच्या संकेतस्थळावर करावा लागतो, ज्याचे प्रवेशशुल्क प्रत्येकाला स्वतंत्रपणे भरावे लागते आणि जे जुन्या पुस्तकासारखे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला विकताही येत नाही. हा खर्च न मोजता खूण दिली, तर पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी जाब विचारतील, आणि तो आम्हा शिक्षकांना विचारतील, समितीला नव्हे.

मर्यादा ठरवताना ती पूर्ण अभ्यासक्रमाच्या सक्तीच्या साहित्याला मिळून असावी, प्रत्येक पुस्तकाला नव्हे. आणि किंमत नव्या प्रतीची धरावी, कारण जुन्या प्रती सर्वांना पुरतील याची खात्री नसते. आकडा कोणताही घ्या, पण तो वेळापत्रकात छापा. ‘अल्पखर्ची’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही.

आणखी एक. खूण नसलेला अभ्यासक्रम महागडा किंवा तिथला शिक्षक बेपर्वा, असा अर्थ निघता कामा नये. काही विषयांना विकतचे पुस्तकच लागते, आणि ते निवडण्याचा अधिकार शिक्षकाचा आहे.

उत्तर – नोंदणी_कक्ष

तत्त्वे ठरली तरी खरी अडचण पुढेच असते. खूण अभ्यासक्रमाला न देता तुकडीला आणि सत्राला द्या, कारण एकाच विषयाच्या दोन तुकड्यांत दोन शिक्षक वेगवेगळी पुस्तके लावतात. बहुतेक नोंदणी प्रणालींत नवे सत्र उघडताना मागच्या सत्राची माहिती जशीच्या तशी पुढे ओढली जाते. त्यात ही खूणही ओढली गेली तर शिक्षक बदलल्यावरही ती तशीच राहते. म्हणून दर सत्राला रकाना कोरा करून शिक्षकाकडून नव्याने भरून घ्यावा. केवळ चित्र ठेवू नका. सोबत मजकूर असेल तरच दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे स्क्रीन-रीडर ती खूण वाचू शकतील, आणि शोधाच्या गाळणीत तिचा पर्याय नसेल तर शेकडो ओळींतून ती कोणी शोधत बसणार नाही.

वेळापत्रक_समिती

सर्वांचे आभार. परवान्याची नोंद वेगळ्या रकान्यात नेण्याची सूचना दोन्ही विभागांना मान्य होईल असे दिसते. एक शंका उरते: शिक्षकाची नेमणूक नोंदणी सुरू झाल्यानंतर झाली, तर काय करावे?

नोंदणी_कक्ष

तोवर रकान्यात ‘माहिती यायची आहे’ असे स्पष्ट लिहावे. खूण उशिरा लागली तर कोणाचे नुकसान होत नाही. मात्र ती पाहून विद्यार्थ्यांनी नाव नोंदवल्यानंतर काढावी लागली, तर त्यांना तत्काळ कळवून, दंड न आकारता तुकडी बदलण्याची मुभा द्यावी, आणि हे नियमातच लिहून ठेवावे.