इंग्रजी चालीवर मराठी उपासनागीत: अक्षरं जुळतात, तरी कानाला का टोचतं?

आल्टो_दुसरी_रांग:
८-६-८-६ अक्षरांच्या जुन्या इंग्रजी चालीवर मराठी गीत बसवायचं आहे. अक्षरं मोजून भरलीत, मजकूर बायबलच्या वचनाला धरून आहे. तरी ‘येशू’ गाताना सगळा जोर ‘शू’वर जातो आणि मंडळी अडखळते. समितीचं म्हणणं, शब्द खरे असले की झालं, गोडवा दुय्यम. चुकतंय कुठे?

लघुगुरू:
अक्षरं मोजलीत, वजन मोजलं नाही. या चालींत ओळीचं पहिलं अक्षर समेच्या आधी पडतं आणि जोर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या अक्षरावर येतो. ‘येशू’ने ओळ सुरू केली की ‘ये’ सटकतो. आधी एक अक्षर टाका, ‘हा येशू’, म्हणजे ‘ये’ समेवर बसेल.

त्याहून बरं म्हणजे लघु-गुरू (आधी ऱ्हस्व, मग दीर्घ) जोडीचे शब्द निवडा: तुझी, दया, कृपा, सदा, मला, प्रभो. ‘तुझी दया अपार ही / मला मिळो सदा’ म्हणून बघा, कुठेही ओढाताण नाही. आठ अक्षरांची ही ओळ म्हणजे आपलं प्रमाणिका वृत्तच की! आता ‘दया’ घ्यायची की ‘कृपा’, हे वृत्त ठरवत नाही, दोन्ही बसतात. ते वचन बघून ठरवा, कारण शिक्षा टळणं आणि लायकी नसताना देणगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेटी_काळी_दोन:
समितीचं ‘शब्द खरे असले की झालं’ इथेच फसतं. ही ओळ घ्या:

प्रभू त्यजील आपणा
कधी न संकटी

वृत्त चोख, छापल्यावर अर्थही बरोबर. पण मंडळी श्वास घेते ‘आपणा’वर. तेवढा वेळ सगळं देऊळ बायबलमधल्या इब्री १३:५ च्या (‘मी तुला टाकणार नाही’) नेमकं उलट गात असतं! नकार पहिल्या ओळीत आणा:

प्रभू न आपणा त्यजी
कधीच संकटी

कागदावर खरं असलेलं वाक्य गळ्यातून खोटं निघत असेल, तर तो निव्वळ गोडव्याचा दोष कसा?

ओवीकर:
मुळात परकी चाल हवीच कशाला? फादर स्टीफन्स इंग्लंडचे, पण त्यांनी येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, १६१६ साली ते छापून आलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-अभंगाची वाट धरली. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, लघु-गुरूचा जाच नाही. ‘पवित्र आत्मा’सारखा शब्दही सहज मावतो.

लघुगुरू:
अभंग उत्तमच. पण जी चाल तीन पिढ्यांच्या तोंडात आहे ती सोडा म्हणणं कठीण. मंडळीला गाता येणं हाही गीताचा चांगुलपणाच. म्हणून चालीचा पल्ला बघा: सर्वांत खालच्या आणि वरच्या स्वरात सप्तकाहून फार अंतर नको. क्वायरला शोभणारी उंच तान मंडळीला गप्प बसवते.

घंटाघर:
थोडं मागचं. मध्ययुगातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने सौंदर्याला तीन गोष्टी लागतात म्हटलं: पूर्णता, प्रमाण आणि तेज. गीताला लावून बघा. जागा भरायला घातलेले ‘रे’, ‘हो’, ‘बा’ काढल्यावर ओळ उभी राहते का, जोर शब्दाच्या जागेवर पडतो का, पुस्तक हातात नसलेल्याला पहिल्यांदा ऐकून अर्थ कळतो का? उलट बाजूही आहे. गाण्यातल्या आशयापेक्षा गाणंच मनाला जास्त हलवतं, याची त्याच्याही आधीच्या संत ऑगस्टीनला अपराधी टोचणी होती, तरी त्याने चर्चमधलं गायन मोडीत काढलं नाही. तेव्हा समितीची शंका अगदीच पोकळ नाही.

आल्टो_दुसरी_रांग:
पटलं. ओळीच्या शेवटी लांब स्वर आहे, तिथे ‘देव’ चालेल का?

पेटी_काळी_दोन:
टाळा. शेवटचा ‘व’ चार मात्रा ताणला की त्याचा ‘वा’ होतो. देवाविषयी बोलणारी ओळ अचानक ‘देवा’ अशी हाक मारते. तिथे आ, ई, ए किंवा ओ-कारान्त शब्द ठेवा. मग पेटीशिवाय, नुसत्या टाळीवर चार जणांकडून म्हणवून घ्या. जिथे चौघेही एकाच जागी चाचरतात, ती ओळ पुन्हा लिहा.