मदत हवी आहे: मी बाजूला झाले की गटाचं काम थांबतं

नमस्कार मंडळी,

आमचा शेतकरी गट एकवीस जणांचा. रासायनिक खत कमी करायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी सामाईक कंपोस्ट सुरू केलं. गटप्रमुख मी. ढीग कसा रचायचा, ओलावा किती ठेवायचा, जास्तीचं खत कोणाला विकायचं, सगळं मीच शिकले आणि मीच ठरवत गेले.

मागच्या महिन्यात घरच्या आजारपणामुळे वीस दिवस तिकडे फिरकले नाही. परत येऊन ढिगात लोखंडी सळई खुपसली. एरवी ती बाहेर काढल्यावर हातात धरवत नाही, या वेळी गार. आतला काडीकचरा कोरडा, तसाच्या तसा. ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला तर तणाचं बी मरतं आणि थंड होऊ लागला की पलटून पाणी शिंपडायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी उत्तर एकच: "ताई, तुमच्या फोनची वाट बघत होतो."

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. चूक माझ्या पद्धतीत आहे हे कळतंय.

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. तिथे शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरून किडी आणि मित्रकीटक मोजायचे, पाहिलेलं कागदावर चितारायचे आणि फवारायचं की नाही ते चर्चेतून स्वतः ठरवायचे. मला हेच हवंय, पण कंपोस्ट आणि विक्रीत ते आणायचं कसं? शिवाय नवा प्रयोग फसला तर तोटा कोणी सोसायचा? आजवर मीच सोसला. ज्यांची जमीन थोडी, त्यांना धोका घ्या असं कोणत्या तोंडाने सांगू?

प्रतिसाद:
ताई, प्रयोग कोणाच्याच अख्ख्या शेतावर नको. एक तुकडा नव्या पद्धतीचा, लागूनच एक नेहमीच्या पद्धतीचा, खर्च गटाच्या निधीतून. तोटा एकवीस जणांत वाटला की कोणी मोडत नाही, आणि पैसा सगळ्यांचा म्हटल्यावर बघायलाही सगळे येतात. ढिगापाशी वही टांगा: तारीख, तापमान, पलटला का, सही. दोघादोघांच्या आठवड्याच्या पाळ्या लावा, त्या आठवड्याचा निर्णय पाळीवरच्या जोडीचा. त्यांचं एखादं चुकेल, तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका. हेच सगळ्यात जड जाईल. विक्रीचा हिशोब मात्र एकदम सोपवू नका, आधी एक हंगाम कोणाला तरी शेजारी बसवून लिहा.

ताई:
मनापासून आभार. वही उद्याच टांगते. पण बांधावरून ज्यांचं बोलणं बंद आहे असे दोघे गटात आहेत. त्यांची जोडी लावू की वेगळे ठेवू?