मदत हवी आहे: पाणीपट्टी आणि मलनि:सारण आकाराचा दर काढताना हिशेब जुळत नाही

आकडेमोड
आमच्या भागातील गृहनिर्माण संस्थांच्या वतीने येत्या सोमवारी पाणी आणि मलनि:सारणाच्या दरांविषयी निवेदन द्यायचे आहे. नव्या जलवाहिन्या आणि मलप्रक्रिया केंद्र यांचा खर्च दरातूनच भागवायचा झाल्यास हजार लिटरला किती आकारणी करावी लागेल, एवढाच प्रश्न आहे. अर्थसंकल्पातील खर्चाला पाण्याने भागले, तर माझा आकडा आणि समितीतील दुसऱ्या सदस्याचा आकडा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. कागद दोघांनी तेच वापरले आहेत. नेमके सूत्र कोणी सांगेल का? पाणी वाचवण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत.

नेरुळवासी
शहर कोणते, हे आपण लिहिलेच नाही. आमच्या नवी मुंबईत महापालिकेचे स्वत:चे मोरबे धरण आहे आणि घरगुती ग्राहकाला महिन्याला ३० हजार लिटर पाणी ५० रुपयांत देण्याचे धोरण वर्षानुवर्षे चालले. हजार लिटरला दोन रुपयेही पडत नाहीत अशा दरातून नवी जलवाहिनी उभी राहत नाही. ती सर्वसाधारण करांतून आणि अनुदानातून उभी राहते. आपला हिशेब येथील असेल, तर तो मुळातच वेगळा मांडावा लागेल.

आकडेमोड
शहर ठाणे. आमच्याकडे पाणी चार ठिकाणांहून येते, हे सर्वांना ठाऊक असेल असे वाटले.

निवृत्त उपअभियंता
ठाऊक असले तरी लिहावे, कारण हिशेबाला ते लागते. ठाण्याला रोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातील २५० पालिकेच्या स्वत:च्या योजनेतून, १३५ एमआयडीसीकडून, ११५ स्टेम या पाणीपुरवठा संस्थेकडून आणि ८५ बृहन्मुंबई महापालिकेकडून येते. स्वत:च्या योजनेत वीज, रसायने, पगार आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवलेला कच्च्या पाण्याचा दर असा खर्च पडतो, तर उरलेले पाणी विकत घ्यावे लागते. दोहोंची प्रतिहजार लिटर किंमत सारखी नसते. आता मला एवढेच सांगा, की आपण भागाकार कोणत्या पाण्याने केला: सोडलेल्या, की बिल झालेल्या?

छतावरचे पाणी
मूळ प्रश्नाला बगल देत नाही, परंतु प्रत्येक संस्थेने पावसाचे पाणी जमिनीत मुरवले तर दराचा प्रश्न निम्मा सुटेल. आमच्या संस्थेच्या कूपनलिकेला मे महिन्यातही पाणी असते. आराखडा हवा असल्यास पाठवतो.

आकडेमोड
उपाय नकोत, असे स्पष्ट लिहिले होते. उपअभियंता साहेब, मी सोडलेल्या पाण्याने भागले. दुसऱ्या सदस्याने काय धरले, ते विचारतो.

निवृत्त उपअभियंता
त्यांनी बहुधा बिल झालेले पाणी धरले असावे. काल्पनिक आकड्यांवर पाहा. रोज १०० दशलक्ष लिटर पाणी सोडले जाते आणि वर्षाचा चालू खर्च ५५ कोटी आहे असे समजू. वर्षाचे पाणी ३ कोटी ६५ लाख हजार लिटर होते, म्हणजे दर सुमारे १५ रुपये. परंतु गळती, अनधिकृत जोडण्या आणि बिघडलेली मीटरे यांमुळे बिल फक्त ६५ टक्के पाण्याचे होत असेल, तर तोच खर्च २३ रुपयांवर जातो. त्यातही वसुली ८५ टक्केच होत असेल, तर दर २७ रुपये लावल्याशिवाय ५५ कोटी तिजोरीत येणार नाहीत. केंद्राच्या २००८ च्या सेवा मापदंडांत बिनमहसुली पाणी, म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत ते, २० टक्क्यांपर्यंत, वसुली ९० टक्के आणि चालू खर्चाची भरपाई १०० टक्के असावी असे म्हटले आहे, ते याच कारणाने. भागाकारात कोणती संख्या आली, ते आधी तपासावे.

जुना लेखापाल
खर्चात भांडवली रकमा मिसळल्या आहेत का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. जलवाहिनीचे १०० कोटी एकाच वर्षाच्या दरात घातले तर दर भयंकर दिसेल आणि पुढच्या वर्षी तो कोसळेल. ते कर्ज मानून वीस वर्षांत ८ टक्के व्याजाने फेडायचे धरले, तर वर्षाला साधारण १० कोटी १९ लाखांचा हप्ता बसतो, आणि वरच्या उदाहरणात बिल झालेल्या दर हजार लिटरवर फक्त सव्वाचार रुपयांची भर पडते. पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले, तेव्हाही परतफेडीसाठी पाणीपट्टीत टप्प्याटप्प्याने वाढ करण्याचे ठरले होते. अनुदानातून होणारी कामे हप्त्यातून वगळावीत, मात्र त्यांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम, वगळू नये, कारण वाहिनी जुनी झाल्यावर अनुदान पुन्हा मिळेलच असे नाही.

मीटरप्रेमी
हा सगळा खटाटोप मीटरअभावी आहे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि वापरानुसार चढता दर लावून दाखवला. जो जास्त वापरतो तो जास्त देतो; एवढे केले की निवेदन एका पानात संपेल.

निवृत्त उपअभियंता
मलकापुरात घराघराला मीटर आहे. ठाण्यात बहुतेक ठिकाणी संपूर्ण संस्थेला एकच जोडणी असते, आणि जुनी आकारणी तर सदनिकेच्या क्षेत्रफळावर होत आली आहे. साठ सदनिकांच्या संस्थेला एकच ग्राहक मानून चढता दर लावला, तर काटकसरीने राहणारी दोन माणसांची घरेही सर्वांत वरच्या टप्प्यात जातील. टप्प्याची मर्यादा सदनिकांच्या संख्येने गुणावी, अशी मागणी निवेदनात नसेल तर आपलेच सदस्य भरडले जातील. शिवाय पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर वाहिनीतील हवेनेही काटा फिरतो. गेटजवळच्या मीटरखोलीचे झाकण पहारीने उचलून पहाटे पाणी येण्याच्या वेळी बघावे. थेंब यायच्या आधीच चाक गरगरत असते.

मीटरप्रेमी
म्हणून मीटरच नकोत, असे म्हणायचे आहे का? हवा बाहेर टाकणारी झडप बसवता येते. क्षेत्रफळावरची आकारणी म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या घराला सारखाच दर.

निवृत्त उपअभियंता
मीटर नकोत असे मी कोठेही लिहिलेले नाही. ते कोणासाठी कसे मोजायचे, हे आधी ठरवा, एवढेच म्हणतो.

जुना लेखापाल
रिकाम्या घराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु त्याचे उत्तर मीटरमध्ये नाही. मलप्रक्रिया केंद्र आणि मुख्य वाहिन्या पूर्ण क्षमतेच्या बांधाव्या लागतात, मग घर बंद असो वा भाड्याने दिलेले असो. तो स्थिर खर्च मालमत्ता कराच्या बिलातील लाभ करांतून (सेवा उपलब्ध असल्याबद्दलचे कर) किंवा ठोक मासिक आकारातून वसूल करावा, आणि विजेसारखा बदलता खर्च वापरावर ठेवावा. मलनि:सारणासाठी मुंबईत पाणी आकाराच्या ७० टक्के रक्कम लावतात आणि पाणीपुरवठा व मलनि:सारणाचा अर्थसंकल्पही ‘ग’ म्हणून वेगळा मांडतात, त्यामुळे कशाचा पैसा कशावर जातो हे निदान कागदावर दिसते. आपण तशी स्वतंत्र मांडणी मागितली आहे का?

आकडेमोड
मागतो. सहकाऱ्याने बिल झालेलेच पाणी धरले होते, हे कळले. परंतु ते मला पटत नाही. गळतीचे पाणी नियमित बिल भरणाऱ्याने का सोसावे?

निवृत्त उपअभियंता
का सोसावे, याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. दोन्ही दर शेजारी शेजारी लिहा आणि मधली रक्कम ही गळती व थकबाकीची किंमत आहे, असे स्पष्ट म्हणा. दरवाढ मान्य, पण त्यासोबत बिनमहसुली पाणी दरवर्षी किती टक्क्यांनी कमी करणार, हे लेखी द्यावे, अशी अट घाला. आणखी एक, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. निवेदन त्यापूर्वी पोचले तरच उपयोग.

नेरुळवासी
आमच्याकडील कोपरखैरणे आणि ऐरोली येथील तृतीय स्तरावरील (नेहमीच्या प्रक्रियेनंतर सांडपाणी आणखी शुद्ध करणारी) प्रक्रिया केंद्रे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची आहेत आणि शुद्ध केलेले सांडपाणी उद्योगांना विकण्यासाठीच ती उभारली. ते उत्पन्न मलनि:सारणाच्या खर्चातून वजा केले तर घरगुती दर खाली येतो, हेही निवेदनात यावे.

जुना लेखापाल
एक राहिले. घोडबंदर पट्ट्यात टँकरचे पाणीही गटारातच जाते. मलनि:सारण आकार फक्त पालिकेच्या पाण्याशी जोडला, तर ते सांडपाणी फुकट वाहील आणि त्याचा भार नळाच्या पाण्यावर राहणाऱ्या संस्थांवर पडेल. टँकरचे किती पाणी येते, याचा आकडा आपल्याकडे आहे का?

आकडेमोड
प्रत्येक संस्थेच्या सुरक्षारक्षकाकडील वहीत टँकरची नोंद असते. सहा महिन्यांच्या वह्या उद्याच मागवतो.